दाखला कोणता द्यावा?

परीक्षेची घंटा वाजते, प्रश्नपत्रिका हाती येते आणि निबंधाचा विषय वाचून होतो. विषय सोपा वाटतो. ‘संकटातील संयम’, ‘वेळेचे महत्त्व’, ‘एकीचे बळ’ – यांतला कोणता शब्द तुम्हांला ठाऊक नाही? पहिली दोन वाक्ये भराभर उतरतात. संयम हा मोठा गुण आहे; संयमी मनुष्य संकटावर मात करतो. तिसऱ्या वाक्यापाशी लेखणी अडते. कारण एवढे वाचून झाल्यावर वाचणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो, ‘कशावरून?’ या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, त्याला दाखला म्हणतात. दाखल्यावाचून लिहिलेला निबंध म्हणजे साक्षीदारावाचून चालवलेला खटला. वकील कितीही मोठ्याने बोलला तरी न्यायाधीश त्याच्या आवाजावरून निकाल देत नाही.

तेव्हा दाखला द्यावा, हे सर्वांना मान्य आहे. अडचण आहे ती निवडीची, आणि ती निवड घड्याळाच्या काट्याखाली करावयाची असते.

हे घड्याळ किती कठोर असते, ते आधी पाहू. आणखी काही वर्षांनी तुम्ही दहावीच्या परीक्षेस बसाल. राज्य मंडळाच्या मराठी प्रथम भाषेच्या लेखी परीक्षेला ८० गुण आणि तीन तास असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकच कृती सोडवावयाची असते आणि तिला ८ गुण असतात. म्हणजे गुणांचा दहावा हिस्सा. वेळही त्याच मापाने वाटला, तर १८० मिनिटांपैकी १८ मिनिटे निबंधाच्या वाट्याला येतात. बदलापूरला सुटलेली लोकल अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्थानके घेत कल्याणला पोहोचते न पोहोचते, इतकाच हा वेळ. त्यातील तीन मिनिटे विचारासाठी आणि दोन मिनिटे अखेरच्या वाचनासाठी राखली, तर लिहिण्यास तेरा मिनिटे उरतात. मिनिटास बारा शब्द लिहिणाऱ्या मुलाचे तेरा मिनिटांत १५६ शब्द होतात. तुमचा वेग किती आहे, ते घरी घड्याळ लावून मोजून पाहा. बहुतेकांना आपला वेग ठाऊकच नसतो.

या दीडशे शब्दांत पाच-सहा थोर पुरुषांची नावे कोंबण्याची चाल आपल्याकडे फार आहे. ‘शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, महात्मा गांधी, डॉ. आंबेडकर या सर्वांनी संकटात संयम ठेवला’ – असे एक वाक्य लिहिले की आपण चार दाखले दिले, असे मुलाला वाटते. परंतु या वाक्यात दाखला एकही नाही; ती केवळ नावांची यादी आहे. कोणी, केव्हा, कोणत्या प्रसंगी काय केले, हे त्यात कोठेच आलेले नाही. दीडशे शब्दांत एकच दाखला पुरता सांगता येतो, आणि फार तर दुसऱ्याचा एका वाक्यात उल्लेख करता येतो. म्हणून निवड नीट करावयाची.

आपल्या मराठीला ही विद्या नवी नाही. तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना उपदेश करताना सांगितलेल्या लहान लहान गोष्टी केसोबासांनी एकत्र केल्या. त्या ग्रंथाचे नाव ‘दृष्टान्तपाठ’. त्यात ११४ दृष्टान्त आहेत. या ग्रंथाची रचना मोठी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक ठिकाणी तीन भाग येतात. प्रथम सूत्र, म्हणजे सांगावयाचा विचार. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट त्या विचाराला कशी लागू पडते, त्याचा उलगडा. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एकाच्या हाताला पाय लागला, त्याला हत्ती खांबासारखा वाटला. दुसऱ्याच्या हाताला कान लागला, त्याला तो सुपासारखा वाटला. ही गोष्ट या ग्रंथातही आहे. पण गोष्ट सांगून ग्रंथ थांबत नाही. एखाद्या अंशाचे ज्ञान झाले की मनुष्य त्यालाच पूर्ण ज्ञान समजतो, हा धागा पुढे जोडून दिलेला आहे.

निबंधात आपली मुले सूत्र लिहितात, दृष्टान्तही लिहितात. तिसरा भाग मात्र बहुधा गाळतात. गोष्ट संपताच ती दुसऱ्या परिच्छेदाकडे वळतात. वाचणारा मात्र गोष्टीपाशीच उभा असतो. तिचा विषयाशी संबंध काय, हे त्याने आपल्या मनाने ताडावे, अशी अपेक्षा ठेवणे बरे नव्हे. शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मनुष्याला तेवढी फुरसत नसते.

आता मी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो, कारण ती या विषयाला सोडून नाही.

२६ जुलै २००५ या दिवशी कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईच्या परिसरात भयंकर पाऊस कोसळला. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. आमच्याकडे उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली. बदलापूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. बेलवली हा त्याच बदलापूरचा एक भाग. नदी तेथून दूर नाही. त्या पावसाळ्यानंतरच्या सहामाही परीक्षेत मी ‘संकटात धीर’ असा विषय दिला. वह्या तपासू लागलो, तो निम्म्याहून अधिक मुलांनी स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि त्याला धीर देणारा कोळी यांची गोष्ट लिहिलेली. वाक्येही जवळजवळ सारखीच. त्यात एक वही अशा मुलाची होती, ज्याचे सारे घर त्या रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून होते. त्याची पुस्तके वाहून गेल्यामुळे शाळेनेच त्याला दुसरी दिली होती. त्यानेही ब्रूस राजाच लिहिला होता.

मी त्याला जवळ बोलावून विचारले, “अरे, त्या रात्रीचं का नाही लिहिलंस?”

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, “सर, ते कुठं उदाहरण आहे? ते तर आमच्याच घरी झालं.”

मला उत्तर सुचेना. कारण ब्रूस राजाची गोष्ट फळ्यावर लिहून देणारा मीच होतो. उदाहरण हे पुस्तकात असते, परदेशात असते, फार पूर्वी होऊन गेलेले असते. आपल्या दारात घडते ते उदाहरण नव्हे – ही समजूत त्या मुलाने कोठून घेतली असेल, हे मी दुसऱ्या कोणाला विचारू शकत नव्हतो. त्या रात्री त्याच्या आईने धाकट्या भावंडाला कसे निजवले, गच्चीवर किती माणसे होती, पाणी ओसरल्याचे प्रथम कोणाच्या ध्यानात आले, हे सारे त्याला ठाऊक होते. कोळ्याविषयी मात्र मी सांगितले त्याहून अधिक एक अक्षरही त्याला ठाऊक नव्हते. दाखला निवडताना पहिली कसोटी मी तेव्हापासून हीच सांगत आलो आहे: ज्याविषयी तुमच्याजवळ तपशील आहे, तो दाखला घ्या.

परंतु आपल्या गावची घटना आहे एवढ्यानेच ती योग्य ठरत नाही. ती विषयाच्या नेमक्या शब्दाला लागू पडली पाहिजे. हे समजण्यासाठी एक अलीकडची घटना घेऊ.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस निघाली. पाऊस मुसळधार होता. बदलापूर सोडून गाडी वांगणीकडे चालली असता उल्हास नदीचे पाणी लोहमार्गावर आले आणि चामटोली गावाजवळ गाडी थांबली. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. त्यांत म्हातारी माणसे होती, तान्ही मुले होती, गर्भवती स्त्रियाही होत्या. २७ जुलैची पहाट झाली तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसत होते. डबा हीच सुरक्षित जागा आहे, कोणीही खाली उतरू नये, अशी सूचना रेल्वेने दिली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान होड्या घेऊन आले, नौदलाची पथके आली, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली; भोवतालच्या गावांतील लोकही मदतीस धावले. दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले आणि नंतर कल्याणहून एका विशेष गाडीने त्यांना कोल्हापूरकडे पाठवण्यात आले.

ही घटना ‘संकटातील संयम’ या विषयासाठी वापरावयाची आहे. एक मुलगा असे लिहील: ‘महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. तेव्हा फार मोठा पूर आला होता. सगळीकडे पाणी झाले होते. लोक खूप घाबरले. मग होड्या आल्या आणि सर्वांचे प्राण वाचले.’ यात खोटे काही नाही. पण संयम कोठे आहे? हे पुराचे वर्णन झाले. आता हे वाचा:

‘२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या मध्ये पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. भोवती पाणी वाढताना दिसत असता खाली उतरण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु डबा हीच सुरक्षित जागा आहे, ही सूचना मानून प्रवासी डब्यांत थांबून राहिले. होड्या आल्यावर सर्व सुखरूप बाहेर पडले. लोक उतावीळपणे पाण्यात उतरले असते, तर वाचवणाऱ्यांना त्यांना शोधणेही अवघड झाले असते. संयम म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. मदत पोहोचेपर्यंत स्वतःला जपणे होय.’

हे साधारण पंचाहत्तर शब्द आहेत; म्हणजे तुमच्या दीडशे शब्दांपैकी निम्मे. यात हेलिकॉप्टरे नाहीत, नौदल नाही, कोल्हापूरची विशेष गाडी नाही. ते सारे खरे असूनही गाळले, कारण ‘संयम’ या शब्दाला त्याची गरज नव्हती. शेवटची दोन वाक्ये पाहा. तेथे दार्ष्टान्तिक आले. ‘तसे झाले नसते तर काय झाले असते?’ हा प्रश्न स्वतःला विचारला की हा तिसरा भाग बहुधा आपोआप सुचतो.

विषय ‘एकीचे बळ’ असता, तर याच घटनेतील दुसरा भाग पुढे आला असता: जवान, नौसैनिक, रेल्वेचे कर्मचारी आणि गावकरी यांनी आपापल्या परीने केलेले काम. तेथे प्रवाशांनी वाट पाहिल्याचे एक वाक्य पुरे. ‘नद्यांचे रक्षण’ असा विषय असता, तर मात्र मी थोडा थांबलो असतो. पूर आला हे खरे. पण तो नदीच्या पात्राची हानी झाल्यामुळेच आला, असे एका घटनेवरून सिद्ध होत नाही. अतिवृष्टी हेच एक मोठे कारण होते. जेवढे सिद्ध होते तेवढेच म्हणावे. आणि ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयात ही घटना आणूच नये. आणणारे आणतात! ‘गाडीत अडकलेल्या प्रवाशांजवळ पुस्तके असती तर त्यांचा वेळ बरा गेला असता’, असे लिहिणारा विद्यार्थी मला भेटलेला आहे. एकच तयार दाखला प्रत्येक विषयाला चिकटवण्याची ही खटपट परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

याचा अर्थ दूरचे आणि थोरांचे दाखले वर्ज्य आहेत, असा मुळीच नाही. चिकाटीविषयी लिहिताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. मात्र ‘कर्वे फार चिकाटीचे होते’ असे लिहून भागत नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे आश्रम हिंगण्याला गेल्यावर ते पुण्याहून तेथे रोज पायी जात. आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १८९६ आणि १९१६ या दोन सालांमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. ते अंतर दाखवले की ‘चिकाटी’ हा शब्द वेगळा लिहावाच लागत नाही.

आणि दूर म्हणजे किती दूर? आपल्या शेजारचे उल्हासनगर घ्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी हेच त्यांचे घर झाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज त्या बाजारपेठेत कापड, फर्निचर आणि कितीतरी वस्तू घेण्यास लांबून लोक येतात. पण तेथील वस्त्यांना अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात आणि त्यांना आकडे आहेत. ‘श्रमाचे मोल’ या विषयासाठी हा दाखला तुमच्या रोजच्या वाटेवर पडलेला आहे. ‘आपला वारसा’ असा विषय आला, तर अंबरनाथचे शिवमंदिर आहे. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, ही मिती कोरलेली आहे.

काही मुले म्हणतील, ‘आमच्या आयुष्यात पूर आला नाही आणि आगगाडीही अडकली नाही. आम्ही काय लिहावे?’ त्यांनी ‘वेळेचे महत्त्व’ हा विषय घेऊन पाहावा. बदलापूर ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने ६८ किलोमीटर आहे. तुमच्या घरातील कोणी ना कोणी ते रोज कापत असेल. सकाळची ठरलेली लोकल अर्ध्या मिनिटाने चुकली, तर कामावर पोहोचण्यास किती उशीर होतो, हे त्यांना विचारा. अर्ध्या मिनिटाचे मोल त्या उत्तरात इतके स्पष्ट दिसेल की नेपोलियनच्या लढाया धुंडाळण्याचे कारण उरणार नाही. हा दाखला लहान आहे, आणि लहान दाखला परीक्षेत फार सोयीचा असतो. तो चाळीस शब्दांत मावतो.

मात्र येथे एक मोह होतो. घरचा दाखला परीक्षक तपासून पाहणार नाही, मग तो रचून लिहिला तर काय बिघडले? नसलेले आजोबा स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जातात, धडधाकट वडील आजारी पडतात, शेजारची काकू पुरात वाहून जाता जाता वाचते. कथालेखनात कल्पनेला मुभा आहे. तेथे हवी तितकी कल्पना करा. पण वैचारिक निबंधातील दाखला ही साक्ष आहे, आणि साक्ष रचावयाची नसते. शिवाय रचलेला दाखला बहुधा आपला आपणच उघडा पडतो, कारण त्यात तपशील नसतो. खऱ्या रात्रीची आठवण लिहिणारा मुलगा गच्चीवर किती माणसे होती ते सांगतो. रचणारा म्हणतो, ‘खूप माणसे होती.’

आकड्यांच्या बाबतीतही हाच प्रामाणिकपणा हवा. विजेचा दिवा शोधणाऱ्या एडिसनचे प्रयोग किती वेळा फसले? एकाच वर्गाच्या वह्यांत मी ९९९, १,००० आणि १०,००० असे तीन आकडे वाचले आहेत. आकडा पक्का ठाऊक नसेल तर ‘पुन्हा पुन्हा अपयश आले’ असे लिहावे. त्याने काही कमी होत नाही. सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवण्यास प्रारंभ केला तो १८४८ साली. घाईत १९४८ लिहिले, तर दाखला शंभर वर्षे सरकतो आणि सावित्रीबाई स्वतंत्र भारतात येऊन पोहोचतात!

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. उत्तरपत्रिकेत स्वतःचे वा शाळेचे नाव लिहून आपली ओळख द्यावयाची नसते. तेव्हा जवळचा दाखला देतानाही ‘आमच्या गावाजवळून वाहणारी उल्हास नदी’ एवढेच लिहावे. शेजाऱ्यांची नावेही लिहू नयेत. गच्चीवर आसरा देणारे ‘एक शेजारी’ म्हटल्याने त्यांचे औदार्य उणे होत नाही.

तीन मिनिटांत हे सारे आठवावे कसे? ते त्या तीन मिनिटांत आठवावयाचेच नसते. एक पातळ वही घ्या. दर आठवड्यास एक घटना तीन ओळींत टिपा: केव्हा व कोठे घडले, कोणी काय केले, तसे केले नसते तर काय झाले असते. वर्षाकाठी पन्नासएक घटना जमतील. त्यांतील दहा-बारा खरोखर उपयोगी ठरतील आणि तेवढ्या पुष्कळ झाल्या. परीक्षेत विषय वाचताच त्यातील मुख्य शब्दाखाली रेघ ओढा, वहीतील दोन घटना मनाशी आणा, आणि ज्या घटनेतील माणसाने त्या शब्दाप्रमाणे काहीतरी प्रत्यक्ष केले असेल, ती निवडा. एकदा लिहिण्यास आरंभ केला की दुसऱ्या घटनेकडे फिरू नका. खाडाखोडीत जाणारी चार मिनिटे परत मिळत नाहीत.

या वहीत पहिली घटना म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेस टिपणार असाल, तर तारखेकडे लक्ष द्या. गाडी मुंबईहून निघाली २६ जुलै २०१९ च्या रात्री, आणि सुटका झाली २७ जुलैला. २६ जुलै ही तारीख दिसली की मुलांचा हात सवयीने २००५ लिहितो. तो महापूर वेगळा. आणि ९४४ मिलिमीटर हा आकडा त्या २००५ च्या पावसाचा, तोही सांताक्रूझचा आहे. तो बदलापूरच्या नावावर लिहू नका.